सुलूच्या टॉर्चमधला जुना सेल

४ नोव्हें., मंगळ.
ड्रेसिंग बदलून आणलं. सुलूचा उजवा तळवा लालभडक, अंगठ्याखालचं कातडं गेलंय. डॉ. म्हणाले भरेल, तीन आठवडे धरा. नर्सला पुन्हा तेच सांगत बसली, टॉर्च माझ्याच हातातून पडला, म्हणून फुटला. नर्स म्हणाली, होगली बिडी अम्मा, जाऊ दे. मी बाकावर. समोर लसीकरणाचा तक्ता होता, तो चार वेळा वाचला.

५ नोव्हें.
शनिवारचं लिहिलंच नव्हतं. लिहून टाकतो.
दिवे लागायची वेळ. सुलू सरोजम्मांकडे चौकाबारा खेळायला निघाली, रोजच्यासारखी. तीन गल्ल्या. बायको माझी कवड्या टाकण्यात पटाईत, पण रातांधळी. सूर्य बुडाला की टॉर्च हवाच, तोही झगझगीत. म्हणून हा एलईडीवाला, आत दोन लिथियम सेल, एकामागे एक. मी फाटकाची कडी लावत होतो. पुढून म्हणाली, "अहो, हा फार तापतोय, बघा जरा." मी बघितलं नाही. "एलईडी तापतोच, चल तू," म्हणालो.
दहा पावलांवर तिच्या हातातून पडला. अंधारात चाचपून उचलायला गेली. आधी फुस्स, मग पांढरा धूर, मग सुतळी बॉम्बसारखा आवाज. मागचं झाकण उडून कुठं गेलं ते अजून सापडलं नाही.
मी धावलो. उशिराच.

६ नोव्हें., गुरु.
दुपारी ती झोपली तेव्हा परसात टॉर्चची नळी उघडली. पुढचा सेल नवा, धड. मागचा फाटून उघडा पडलेला. तोच. जूनमध्ये मी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून सोडवलेला.
आता कशाला खोटं बोलू. टॉर्चचे दोन्ही सेल मेले होते. मार्केटजवळच्या दुकानदारानं सांगितलं होतं, "जोडीनं घ्या सर. जुना-नवा सेरिसबेडी. एकत्र घालायचा नाही." मी हसलो. एकच घेतला, जोडीला हा जुना घातला. वडील आमचे, अण्णा, रंगारी, घराण्यातले शेवटचे. रंगाचा हंडा कधी ओतून द्यायचे नाहीत. जुन्या रंगात नवा घाल, जुना उठतो, म्हणायचे. रंगाचं ठीक आहे. सेलचं उलटं. जुना आधी रिकामा होतो, नवा त्याच्यातून करंट ढकलतच राहतो, जुना तापतो, आत वायू धरतो. बंद नळीत जाणार कुठं?
आणि मी कोण? कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये जन्म गेला. पोरांना सेलची जोडणी मीच मांडून द्यायचो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

९ नोव्हें., रवि.
सरोजम्मा आल्या. कवड्या पिशवीतून घेऊनच. डाव्या हातानं टाक म्हणाल्या, मी चिडवणार नाही. सुलू हसलीही नाही. "साकु सरोजा. पुरे झालं." त्या गेल्यावर मला म्हणते, "डोळे गेलेच होते, आता हातही गेले. साधा टॉर्च धरता येत नाही. मला आता कुठं पाठवू नका."
पाचलाच फाटकाला कुलूप लावायला सांगते. सांजेचं परसातसुद्धा जात नाही.
सांगायची हीच वेळ होती. ताक देऊ का विचारलं.

११ नोव्हें.
पावसाळी हवा. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, मी रेडिओ लावतो, बंद करतो. जेवण मीच केलं, सारात मीठ विसरलो. ती सुम्ने, तशीच जेवली. नावं ठेवली असती तर बरं वाटलं असतं.

१३ नोव्हें., गुरु.
माझा पत्र्याचा डबा उपसला. आणखी अकरा सेल. किल्ल्या, स्क्रू, चिल्लर यांच्यात नुसते लोळत होते. तीन सेलचं वरचं प्लॅस्टिक फाटलेलं. हे सगळं तिच्या कपाटाखाली! टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात देऊन आलो.
मग त्या दुकानात. सगळं सांगितलं. "नान हेळिद्दे अल्लवा सर," मी सांगितलं होतं ना, एवढंच म्हणाला. रागावला नाही. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. नवा टॉर्च दिला, एकाच सेलचा. जोडीचं लफडंच नाही. म्हणाला, चार्जर फरशीवर ठेवा, लावून बाहेर जाऊ नका, हिरवा दिवा लागला की काढा. मी मान हलवत होतो, लॅबमधल्या पोरासारखी.
परक्या माणसाला सांगता आलं. घरात नाही.

१६ नोव्हें., रवि.
सांगितलं.
सकाळी डाव्या हातानं कोथिंबीर निवडत होती. उभ्यानंच सांगितलं, बसलो असतो तर पुन्हा ताक दिलं असतं. जुना सेल, दुकानदाराचं, जूनचं, सगळं. तू पाडलास म्हणून नाही फुटला, फुटणारच होता, तापला म्हणून हातातून सुटला.
ती निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझा हात धड होता."
हो म्हटलं.
"पंधरा दिवस मी या हाताला शिव्या घालतेय. तुम्ही इथंच बसून ऐकत होता."
आत गेली. दार लावलं नाही, पण मी गेलो नाही.

१८ नोव्हें.
काही नाही. कामापुरतं बोलते.

२२ नोव्हें., शनि.
चार वाजता नवा टॉर्च मागितला. मी उघडून दाखवायला लागलो तर, "हात लावू नका, तोंडानं सांगा." सांगितलं. अधिकचं टोक पुढं, झाकण घट्ट, रोज वरचं प्लॅस्टिक बोटानं चाचपून बघ. नव्या कातड्याच्या हातानं, सावकाश, स्वतः सेल घातला. दोनदा काढून पुन्हा घातला.
दिवे लागायच्या वेळी चप्पल घातली. मी शर्ट चढवला. "तुम्ही नको," म्हणाली. फाटकातून बघत राहिलो, उजेड वळणापर्यंत सरळ गेला. पाऊणेक तास कसा गेला ते माझं मला ठाऊक.
आली. सेल काढून आपल्या कपाटात ठेवला. जिंकलीस का विचारलं. उद्या बरोबर येऊ का?
"बघू."
तिचं बघू म्हणजे हो की नाही, हे मला इतक्या वर्षांत एकदाही कळलेलं नाही.