रश्मीची चावी

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीनंतर वहीला हात लावला नाही, चुकलंच. आजही लिहितोय ते स्वतःची लाज वाटतेय म्हणून.

कंपनीचा सगळा कोड ऑफिसातल्याच एका सर्व्हरवर असतो. घरून तिथे पोचायला प्रत्येकाची वेगळी डिजिटल चावी. ही व्यवस्था मी आणि रश्मीने मिळून उभी केली. नियमही आम्हा दोघांचाच: कुणाला नोकरीवरून काढायचं तर आधी चावी बंद, मग निरोप. आज दुपारी साहेबांनी रश्मीचंच नाव सांगितलं. काम कमी झालंय म्हणे. पत्र उद्या देणार. मी चावी बंद केली.

संध्याकाळी तिचा घरून फोन. "दादा, सर्व्हर आत घेऊनच नाही राहिला. काढलं का काय मले?" आणि हसली.

मीही हसलो. "तुले कोण काढते गं? नेट खराब असन. राउटर बंद करून चालू कर."

"हव, दादा."

मग तासभर माझ्या स्क्रीनवर तिचं नाव येत राहिलं, पुढे 'प्रवेश नाकारला'. ती तिकडे राउटर बंद-चालू करत होती आणि मी इकडे बघत होतो. गप्प राहता आलं असतं. हसलो कशाला? खोटं बोल असं साहेबांनी सांगितलं नव्हतं, ते माझं स्वतःचं. पुन्हा तिचं नाव, पुन्हा नाकारला. शेवटी मेसेज आला: "सकाळी पाहू, दादा. तुमचा वेळ घेतला, सॉरी."

उद्या: पुरानी बस्तीत रश्मीच्या घरी जाऊन ऑफिसचा लॅपटॉप परत आणणे.