तू बघत असतोस तेव्हा

प्रिय बारक्या,

हे पत्र घेऊन आलेला माणूस आमच्या कारखान्यातला पॉलिशवाला आहे. बहिणीला भेटायला म्हणून तो तुझ्या शहरात आलाय. तुझं वाचून होईपर्यंत दारातून हलायचं नाही असं मी त्याला बजावलंय, आणि तो माझं ऐकतो, कारण दातांच्या कवळ्या बनवायच्या आमच्या त्या खोलीत माझं न ऐकून कोणाचं भागत नाही. तेव्हा त्याला पाणी दे, बसायला खुर्ची दे आणि मग वाच. मध्येच उठून मला फोन लावू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू मला दोन वाक्यांत गप्प करतोस, ती विद्या तुला लहानपणापासून अवगत आहे. कागदावर तुला मला अडवता येणार नाही.

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. समोर कोणाचातरी वरचा जबडा सुकत ठेवलाय आणि कागदावर प्लास्टरची भुकटी पडतेय, ती झटकून घे. घरी बसून लिहिता आलं नसतं. बाबा विचारतात काय लिहितेस, कोणाला लिहितेस, आणि हल्ली त्यांच्याशी खोटं बोलायचं म्हणजे माझ्या नाकी नऊ येतात.

सुरुवात त्या डब्यापासून करते. त्याला सर्व्हर म्हणायचं असं तू मला शंभरदा सांगितलंस, पण मी त्याला डबाच म्हणणार. गेल्या वेळी आलास तेव्हा बाबांच्या खोलीत कॅमेरा लावलास, पुढच्या खोलीतल्या कपाटावर हा डबा ठेवलास आणि गेलास. सगळं चित्र आपल्याच घरात साठेल, नर्सबाई बाबांचं अंग पुसतात ते एखाद्या परक्या कंपनीच्या कॉम्प्युटरात जायला नको, असं तू म्हणालास. मला ते पटलं होतं. अजूनही पटतं. फक्त तिथे पोचल्यावर तुझ्या लक्षात आलं की डबा घरात आणि तू बाहेर, आणि मधला राऊटर तुला आत घेत नाही. मग दोन रविवार तुझं उंटावरून शेळ्या हाकणं चाललं आणि मी शेळी झाले.

त्या दिवसांत आपण किती हसलो, आठवतं? राऊटरचा पासवर्ड त्याच्या पोटाखालच्या चिठ्ठीवर, आणि ती पुसट झालेली. शेवटी दातांच्या कडा तपासायचं भिंग घरी आणून मी तो वाचला. तू म्हणालास, राऊटर म्हणजे घराचा पहारेकरी. आतल्याला बाहेर जायला कधी अडवत नाही, पण बाहेरच्याला उभंही करत नाही. म्हणून त्याला सांगून ठेवायचं, की अमक्या आकड्याच्या दारावर कोणी आलं तर त्याला डब्याकडे सोड. मी तो आकडा भरला, जपून ठेवला, आणि तुला काहीच दिसेना. मग कळलं की आपल्या इंटरनेटच्या लाइनला स्वतःचा पत्ताच नाही, अख्ख्या गल्लीत मिळून एक. कंपनीच्या मागे लागून मी स्वतंत्र पत्ता घेतला. मग एकदा वीज गेली आणि आली, तर राऊटरने घरातल्या सगळ्यांना नवे आकडे वाटले, डब्याचा आकडा टीव्हीला मिळाला आणि तू अर्धा दिवस टीव्हीच्या दारावर धडका मारत बसलास. त्यानंतर डब्याचा आकडा कायमचा बांधून टाकला. पासवर्ड तू भला मोठा ठेवलास, कारण दार उघडं म्हटलं की सगळं जग कडी वाजवून बघतं, असं तुझं म्हणणं.

आणि मग एका संध्याकाळी तुला बाबा दिसले. फोनवर तू नुसतं नाक ओढलंस. मला इतका अभिमान वाटला होता स्वतःचा. कारखान्यात दोन दिवस मी त्याच गोष्टी सांगत होते.

तेव्हाच तू बाबांना तो दिवा दाखवलास. म्हणजे फोनवरून सांगितलंस, की मी बाहेरून बघायला लागलो की कॅमेऱ्यावरचा हिरवा दिवा लागेल, म्हणजे तुम्हाला कळेल मी आलोय. चांगल्या मनाने सांगितलंस. कोणी नकळत बघू नये, माणसाला निदान ठाऊक असावं. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, तेव्हा यात तुझी काही चूक आहे असं मी मानत नाही. पण तू ज्यांना सांगितलंस ते आपले बाबा आहेत. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं शाळेच्या मैदानावर पोरांच्या पाठीत काठी लावून छाती पुढे, खांदे मागे असं शिकवलं, ते बाबा.

पहिले काही दिवस माझ्या लक्षात आलं नाही. तू संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर यायचास, मी तेव्हा नुकती घरी पोचलेली असायचे. मला वाटायचं, दुपारची झोप झाली म्हणून तरतरीत दिसतात. मग एकदा मी दाराआडून पाहिलं. दिवा लागला आणि बाबांनी नाकातली ऑक्सिजनची नळी काढून मांडीखाली सरकवली. केसांवरून ओला हात फिरवला. उशीला टेकलेली पाठ सोडवून ते सरळ बसले आणि पेपर हातात घेतला. तू बघत होतास तेवढा वेळ त्यांनी पान उलटलं नाही, कारण पान उलटायला हात वर करावा लागतो. दिवा गेला तसे ते कुशीवर पडले, ओठ जांभळे, आणि मी नळी लावून पाठ चोळत बसले. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. श्वासाचंही येत नाही रे. जेवढं आणाल तेवढं मागून वसूल होतं.

मी भांडले त्यांच्याशी. ते ऐकून घेतात आणि खिडकीकडे बघतात, तुला माहीत आहे. शेवटी म्हणाले, तो तिकडे एकटा आहे, मला बरा बघून निदान दोन घास नीट जेवतो, एवढं त्याला मिळू दे.

आणि तू खरंच जेवत होतास. बाबा सुधारताहेत म्हणून सगळ्यांना कळवलंस. यायचं ठरवलं होतंस ते पुढे ढकललंस, रजा राखून ठेवतो, खरी गरज लागेल तेव्हा महिनाभर येऊन राहतो, म्हणालास. मी तुला सांगितलं नाही असं नाही. दोनदा सांगितलं, एकदा कारखान्यातून आणि एकदा औषधाच्या दुकानाबाहेर रस्त्यात उभी राहून. डॉक्टर म्हणताहेत फुप्फुसं पार कडक झालीत, आता महिने मोजू नका, हेही सांगितलं. दोन्ही वेळा तुझं एकच उत्तर. ताई, तू दमली आहेस, मी रोज डोळ्यांनी बघतो ना त्यांना. इतका राग आला मला. मी त्यांची कूस बदलते, त्यांचं भांडं धुते, आणि डोळ्यांनी बघतोस तू. पण रागाच्या पोटात दुसरंही होतं. तू जे बघत होतास ते दिसत होतंच. तुला ते दार मीच उघडून दिलं होतं.

आता ती दुपार. ही मी तुला कधीच सांगणार नव्हते. कारखान्यात भट्टी बंद पडली म्हणून आम्हाला लवकर सोडलं. घरी आले तर नर्सबाई सकाळचं उरकून गेलेल्या, आणि बाबा पलंगावर ताठ बसलेले. पेपर खाली पडलेला. नळी मांडीखाली, तिकडे यंत्र आपलं चादरीत हवा सोडतंय. मी धावले तर त्यांनी बोट वर केलं, दिव्याकडे. बोलता येत नव्हतं, नुसते ओठ हलले. तो आहे, म्हणाले. दिवा हिरवा. मी कॅमेऱ्यापुढे दोन्ही हात हलवले, तुला हाका मारल्या, बारक्या, बंद कर म्हणून ओरडले. काही नाही. ते माझ्या खांद्यावर कलंडले तेव्हा त्यांचं वजन मला एखाद्या पोराएवढं लागलं. मी नळी लावली, मशीन वाढवलं, आणि इतका वेळ तो दिवा चालूच होता. संध्याकाळी तुझा फोन आला, अगदी आनंदात. म्हणालास, आज सकाळपासून तुम्हाला पडद्याच्या कोपऱ्यात उघडंच ठेवलं होतं, काम करताना, जेवायला गेलो तेव्हाही, घरीच असल्यासारखं वाटलं.

तू जेवायला गेला होतास आणि ते तुझ्यासाठी बसले होते. मला तुला दुखवायचं नाही. पण हे गिळून मी तुझी बहीण म्हणून राहू शकत नव्हते. तेव्हाच बोलले असते, पण बाबांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. त्या डब्यात ते सगळं साठलेलं आहे. तू कायम चालू चित्र बघतोस, मागचं कधी काढून बघत नाहीस. बघूही नकोस. मी एकदा बघितलं, तेवढं पुरे.

काल मी राऊटरमधली ती ओळ काढून टाकली. आकडा, पत्ता, सगळं. जी भरायला दोन रविवार लागले ती पुसायला चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. कॅमेरा चालू आहे, डबाही चालू आहे, फक्त बाहेरून येणं बंद. काल संध्याकाळी तुला काही दिसलं नाही ते म्हणून. तुझे फोन मी बघितले. लाइन बिघडलेली नाही.

मला वाटलं होतं, दिवा लागणार नाही तर बाबा निवांत पडून राहतील. इथे माझा अंदाज सपशेल चुकला. तुझी वेळ झाली तसे त्यांनी केस सारखे केले, नळी काढली आणि बसले. दिवा लागेना. मी सांगितलं लाइन गेलीय. तर मला म्हणतात, तुला येतं ना दुरुस्त करता, कर. नळी घ्या म्हटलं तर मान हलवली, तो मध्येच आला तर. बसून राहिले. बाहेर अंधार पडायला लागला, ते त्या विझलेल्या दिव्याकडे बघत बसलेले, आणि छाती भात्यासारखी वरखाली. त्यांच्या पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं होतं. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, बाबा, तो निघालाय. गाडीत बसलाय, म्हणून दिवा लागत नाहीये. त्यांनी माझ्याकडे बघितलं. शाळेत असताना मी एकदाच त्यांच्याशी खोटं बोलले होते आणि त्यांनी ते माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ओळखलं होतं. काल ओळखलं की नाही, मला सांगता येत नाही. त्यांनी स्वतःहून हात पुढे केला, नळी मागितली, आणि आडवे झाले. आज सकाळी नर्सबाई दाढीचं सामान घेऊन आल्या तर म्हणाले, राहू दे आता, पोरगा येतोय, जसा आहे तसा दिसेन त्याला.

तेव्हा बारक्या, हे पत्र तुला खुशाली कळवायला नाही आणि तुझी खरडपट्टी काढायलाही नाही. मी त्यांना सांगून बसलेय की तू निघालास. ते त्या भरवशावर पडून आहेत, नळी लावून, दाढी वाढलेली, आणि प्रत्येक गाडीच्या आवाजाला दाराकडे बघतात. राखून ठेवलेली रजा ती हीच. पॉलिशवाला तुला पत्र देईल त्याच रात्रीच्या गाडीने परत फिरणार आहे. पत्र घडी करून खिशात टाक आणि त्याच्याबरोबर निघ. मी बोलले ते खोटं आहे हे आत्ता फक्त मला आणि तुला माहीत आहे, आणि तू गाडीत बसलास की ते खोटं राहणार नाही.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
ताई