सुरुवात ट्यूबाची

४ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या कारखान्याच्या बँडसाठी मी लिहिलेली ‘शाळेची वर्षं’ ही रचना बँडमास्तरांनी वार्षिक मैफलीसाठी निवडली! सुरुवात तुमच्या त्या अगडबंब पितळी ट्यूबानं आहे. पहिलं मिनिटभर तुम्ही एकटे. बाकीचे गप्प, वर्गात सर आल्यासारखे. नोटेशन सोबत पाठवते. नोकरी नवी, त्यामुळे मला रजा नाही. आईला सांगा, स्वेटर मिळाला. एक बाही आखूड आहे, पण ऊब दोन्हींत सारखीच.

माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्यावी.
तुमची,
ठमी

१२ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

कागद मिळाले. आईनं शेजारीपाजारी दाखवून त्यांच्या घड्या पाडल्या. पण पोरी, ती सुरुवात फिटरकाकांना दे. आई म्हणत होती, दाढ दुखते म्हणून कळवा. पण पदवीधर मुलीला थापा कशा माराव्यात? मला नोटेशन वाचता येत नाही. बावीस वर्षं काकांच्या शेजारी बसून वाजवतो. त्यांचे गाल फुगले की मी फुगवतो. तू नेमकं मला एकट्यालाच उभं केलंस! रचना शाळेवरची आणि बाप चौथीनंतर शाळा सुटलेला. तुझ्या कामाची माती झाली, तर तोंड कुठे लपवू?

रागावू नकोस, लोभ पातळ करू नकोस.
तुझा,
बाबा

२० जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

एवढं शिकले, पण तुम्हाला साधं विचारायचं सुचलं नाही. चूक माझी. तरी सुरुवात काकांना देणार नाही. त्या कागदावर काय आहे, ते सांगते. सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही मला शाळेत न्यायचात. चढ लागला की मी भोकाड पसरायचे आणि तुम्ही गाल फुगवून पों-पों, पपों-पों करत पायडल मारायचात, थेट फाटकापर्यंत. तेच लिहिलं आहे. तुम्हाला दम लागायचा, तिथे थांबाही आहे. तुमचंच तुम्ही वाचायचं कशाला? तरी नको असेल तर कळवा. रुसणार नाही. थोडीशीच रुसेन.

आशीर्वादाचा हात काढू नये.
तुमची,
ठमी

८ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

काल मैफल झाली. सगळ्यांच्या स्टँडवर नोटेशन, माझ्या स्टँडवर तुझं पत्र. आधी ओठ कोरडे पडले. मग तू दांडीवर बसलीस आणि चढ सुरू झाला. थांब्यापाशी दम खरोखरच लागला. पुढे ट्रंपेटवाले आले आणि शाळा भरली! फिटरकाका म्हणाले, आज पहिल्यांदाच मी तुझ्या मागून वाजवलं. आई पहिल्या रांगेत रडत होती. पडसं आहे म्हणते.

स्टँड आवरताना ते पत्र बँडमास्तरांनी वाचलं. मला नोटेशन येत नाही, हे उघडं पडलं. मी मान खाली घातली. ते एवढंच म्हणाले, शनिवारी चार वाजता वही-पेन्सिल घेऊन या. वही आणली, आईनं कव्हर घातलं. इयत्तेपुढे ती म्हणाली, पहिली लिहा. मी पाचवी लिहिलं. चौथी माझी पास आहे.

अभ्यास पडला आहे, म्हणून आवरतो. आशीर्वाद आहेतच.
तुझा,
बाबा