रेडियमच्या पट्टीखाली

प्रिय प्रेरणा,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

कापूस सुरू होण्याआधी बाबांनी ट्रॉली रंगवायला काढली आहे. हो, तीच. मी नागपूरच्या वर्कशॉपमधून सुट्टी घेऊन तांड्यावर आले. घरात गाड्यांचं शिकलेली मी एकटीच, त्यामुळे जुना रंग खरवडायचं काम माझ्याकडे आलं. गंजाचा त्रास नव्हता. त्रास होता मागच्या आडव्या पत्र्यावरच्या रेडियमच्या पट्टीचा. लाल-पांढरा कागद वरून निघतो, पण त्याचा डिंक पत्र्याला धरून बसतो, आणि त्यावर मारलेला रंग लवकरच पोपडे धरतो. लोक थिनर ओततात. त्याने खालचा रंगही विरघळतो आणि सगळ्याचा चिखल होतो. मी हीट गनने हळू तापवते, प्लास्टिकच्या पातीने कडेपासून उचलते, उरलेल्यावर डिझेलचं फडकं ठेवून थांबते. बाबा येऊन चिडवून गेले, "त्याले काय न्हाऊमाखू घालून राह्यली? ग्राइंडर फिरव अन् मोकळी हो!"

त्या संध्याकाळी आर्णी रस्त्यावर कापसाने भरलेल्या ट्रॉलीचा आस तुटला, बाबा मिस्त्री आणायला गेले, आणि अंधारात तुझा भाऊ नयन मोटरसायकलवरून मागून येऊन आदळला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पंचनाम्यात पट्टी लावलेली होती असं लिहिलं गेलं. पट्टी चमकत होती, तरी नयनला दिसली नाही, म्हणजे चूक नयनची. मग तो प्यायला होता असं लोकांनी आपणहून ठरवलं. तुझी आई, आमच्या तानाकाकू, तेव्हापासून कुणाच्या दारात जात नाहीत, हे मला तांड्यावरच्या बबिताकडून कळलं. तेराव्याला तू मला विचारलंस, तेव्हा मी म्हटलं की पट्टी मी सकाळी डोळ्यांनी पाहिली. ते खोटं नव्हतं. तुझं बोलणं तिथे थांबलं.

काल उजव्या कोपऱ्यातला डिंक उचलला. त्याखाली पत्र्यावर तिरके ओरखडे होते आणि ओरखड्यांत निळा रंग. डिंक त्या निळ्याच्या वर होता. पट्टी आधीपासून असती, तर निळा पट्टीवर लागला असता, तिच्याखाली नाही. तो निळा कंपनीचाही नाही. नयनच्या गाडीच्या टाकीचा रंग उडाला तेव्हा बाजारात नेमकी छटा मिळेना, म्हणून मीच दोन डब्यांतून मिसळून दिला होता. थोडा हिरवटच झाला. तो म्हणाला, "चालते, आता चोराले बी ओळखू येईन." नयनबद्दल मी तुझ्याशी कधी बोलले नाही. आजही एवढंच.

मी हीट गन बंद केली आणि बाबांना तिथे बोलावलं. निळ्याकडे पाहतच त्यांनी सगळं सांगितलं. रेडियमचं बंडल आदल्या हंगामापासून ट्रॅक्टरच्या सीटखाली होतं, लावतो लावतो म्हणत राहून गेलं. त्या रात्री नयनला घेऊन ॲम्ब्युलन्स गेली, मिस्त्री परत गेला, आणि बाबांनी मोबाइलच्या उजेडात पट्टी चिकटवली. म्हणाले, "पोरगं तर गेलतंच. म्या आत गेलो असतो तं तुमचं कोन पाह्यलं असतं?" मी म्हटलं, हे प्रेरणाला सांगावं लागेल. त्यांनी डिझेलचं फडकं उचलून बाजूला टाकलं. मग म्हणाले, "तुले याच्यासाठीच शिकवलं का?" मी मोबाइल काढून कोपऱ्याचे फोटो घेतले.

हे पत्र क्षमा मागायला लिहिलेलं नाही. उजवा कोपरा मी तसाच ठेवला आहे, डाव्या बाजूची पट्टी अजून चिकटलेली आहे. फोटो काढले आहेत, पण कोर्टात फोटोवर वाद होईल, पत्र्यावर होणार नाही. तुमच्या दाव्याच्या वकिलांना सांग, तपासणी मागायला लाव, आणि रविवारच्या आत त्यांना घेऊन ये, कारण रविवारी रंगारी येतो आहे आणि त्याला थांबवायला बाबा तयार नाहीत. जबाब मी देईन, बाबांविरुद्ध असला तरी. माझ्या आईला तूही याडीच म्हणतेस. ती तुला पाहून खूश होईल आणि जेवायला बसवेल. तिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.

तू म्हणशील तर तुझीच,
ममता