उजव्या डोळ्यातलं भिंग

आई, गेल्या मंगळवारी माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि आत कृत्रिम भिंग बसवलं. तू गेलीस तेव्हा मी दुसऱ्याच्या जीपवर होतो. आता स्वतःची आहे, पौड ते कोळवण सवाऱ्या नेतो, आणि मला साठावं लागलंय. तुझा मोतीबिंदू निघाला तो शिबिरात, शाळेच्या वर्गात टाकलेल्या खाटेवर. तुझ्या डोळ्यातलं गढूळ भिंग काढलं, पण त्याच्या जागी काही बसवलं नाही. नंतर एक चष्मा दिला, बाटलीच्या बुडासारख्या काचांचा. एसटीनं तुला घरी आणताना मला वाटलं, झालं, आईला दिसायला लागलं.

कसं दिसतं ते मात्र मी कधी विचारलं नाही. त्या काचांतून तुला सगळं मोठं आणि जवळ दिसायचं. बाजूनं कुणी आलं की ते माणूस जमिनीतून उगवल्यासारखं एकदम समोर यायचं आणि तू दचकायचीस. एक सकाळ आठवते. मला गाडीवर जायची घाई आहे, तू चुलीपुढं बसून चहा गाळतेयस, आणि धार कपाच्या अलीकडेच जमिनीवर पडतेय. मी ओरडतो, "एवढा चष्मा आणला, तरी दिसत न्हाई व्हय तुला?" तू पदरानं काच पुसतेस. "दिसतंया रं. समदं लई मोठं दिसतंया. माझा हातच तेवढा तितं पोचत न्हाई." मी चहा न घेताच निघून जातो. दिवसभर स्टिअरिंगवर तुझं ते वाक्य डोक्यात घुमत राहतं, पण संध्याकाळी घरी आल्यावर मी जेवून झोपतो.

माझ्या मुलीला तू पाहिलं नाहीस. ती हिंजवडीत कंपनीत आहे. तिनंच मला पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या एका मुलीनं आमच्यासमोर तीन प्रकारच्या भिंगांची चित्रं मांडली. पहिलं एकाच अंतरासाठी, म्हणजे लांबचं स्वच्छ दिसेल, पण वाचायला चष्मा लागेल. दुसऱ्यात जवळचं आणि लांबचं दोन्ही, बहुतेक वेळा चष्म्याशिवाय. तिसरं ज्यांच्या डोळ्याला तिरपा नंबर असतो त्यांच्यासाठी. माझा तो नंबर अगदी थोडा, म्हणून ते चित्र तिनं बाजूला सारलं. उरली दोन.

"पप्पा, दुसरंच घ्या," मुलगी म्हणाली. "चष्म्याची कटकटच नको."

चष्मा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं तूच आलीस. मी हो म्हणणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी विचारलं, "काका, काम काय करता?"

"जीप चालवतो. कोळवणला. कधी भाडं असलं तर ताम्हिणीच्या घाटात."

"अंधारात पण?"

"पावसाळ्यात तिथं दिवसाही दिवे लावावे लागतात."

त्यांनी दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. म्हणाल्या, दुसऱ्या भिंगात काही जणांना दिव्यांभोवती वलयं दिसतात, समोरचा दिवा फाकल्यासारखा वाटतो. बऱ्याच जणांना पुढं सवय होते. काहींना होत नाही.

"काहींना म्हणजे कुणाला?"

"ते आधी सांगता येत नाही."

"मग नाही जमलं तर बदलता येतं?"

"येतं, पण ते पुन्हा ऑपरेशन. म्हणून आत्ताच नीट ठरवा."

आठ दिवस मी ठरवत होतो. घास तोंडात धरून बसायचो. बायको म्हणाली, "अवो, डाक्टर रोज बसिवत्यात भिंगं, तुमी एकटं हाय का?" मी एकटाच असल्यासारखं वाटत होतं. एकीकडं तुझ्या चष्म्याची भीती आणि दुसरीकडं घाटात धुक्यातून येणाऱ्या ट्रकचे फाकलेले दिवे. शेवटी मीच त्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून विचारलं, "वाचायचा चष्मा म्हणजे केवढ्या जाड काचांचा?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "साधा असतो काका, पातळ. आता आत भिंग असतं ना." इतकी वर्षं मला ही साधी गोष्ट माहीत नव्हती. मी पहिलं भिंग सांगितलं.

ऑपरेशनला भूल फक्त डोळ्यापुरती होती. वर पांढरा उजेड, त्यात काहीतरी पाण्यासारखं हलत होतं, आणि मी चादरीखाली मुठी आवळून पडलो होतो. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या टाकीची शिडी दिसली, एकेक पायरी वेगळी. मुलगी जवळ आली तेव्हा तिचा चेहरा मात्र जरा पुसट झाला. मी घाबरून तिचा हात धरला. "पप्पा, जवळचं असंच दिसणार, सांगितलं होतं ना?" सांगितलं होतं. तरी रोज सकाळी उठलो की मी डावा डोळा झाकतो आणि समोरच्या डोंगरावरची झाडं मोजतो, कालच्याइतकी आहेत ना म्हणून. गाडीला अजून हात लावायचा नाही असं सांगितलंय.

हे पत्र टाकायला ठिकाण नाही, म्हणूनच एक गोष्ट लिहितो. दवाखान्यात मुलीच्या हट्टानं गेलो असं मी सगळ्यांना सांगतो. खरं असं की त्याच्या आधी एका संध्याकाळी कोळवणच्या वळणावर ऊन थेट काचेवर आलं, सगळं पांढरं झालं, आणि डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई माझ्या बंपरपासून हातभर अंतरावर उभी होती. ब्रेक लागला म्हणून वाचली. "डोळं फुटलं का रं?" असं ती ओरडली, आणि मी खाली उतरून तिची माफीसुद्धा मागितली नाही. सवाऱ्यांना म्हणालो, बाई मधेच आली. त्यानंतरही मी महिनाभर तीच गाडी, तीच माणसं घेऊन चालवत राहिलो.