बावन्नवाली गोम

प्रिय दादा,

तुझी मेल वाचली आणि डोकंच सटकलं. म्हणे बाबांना तू हवा असतास तर तीन वर्षांत एकदा तरी ‘ये’ म्हणाले असते, म्हणून तू गणपतीलाही येणार नाहीस. वर लेक्चर: गरज पडली की माणूस बदलतो, नॅचरल सिलेक्शन! अरे, तू बंगलोरला बसून कोड लिही ना. माझ्या सब्जेक्टमध्ये कशाला घुसतोस?

त्यात गोम आहे. अक्षरशः. प्रोजेक्टसाठी वाघोलीला दगड उलटून मी एकशे बारा गोमी पकडल्या आणि पाय मोजले. कुणाला फिफ्टी-वन जोड्या, कुणाला फिफ्टी-थ्री. (मराठी आकड्यांत अजून गोंधळते, हसू नकोस.) फिफ्टी-टू, म्हणजे बावन्न? एकीलाही नाही. नेहमी विषमच. बावन्नवाली वाईट म्हणून मरते असं नाही रे, ती अंड्यात घडतच नाही. जे घडतच नाही त्यातून सिलेक्शन निवडणार काय, कपाळ?

बाबांचं तेच आहे. फोनवर ‘तिकडे पाऊस आहे का’ येतं, ‘तुझं तू बघ’ येतं. मधलं ‘ये’ बनतच नाही. तू निघालास तेव्हाही स्वारगेटला काय म्हणाले, तर बाटली भरलीस का! आणि तू शहाणा, खरंच बाटली दाखवलीस. घरच्या एकुलत्या मेल आयडीवर येणाऱ्या तुझ्या सगळ्या मेल ते प्रिंट काढून, पंच करून फाइलला लावतात, हडपसरच्या कंपनीत स्टोअरचे कागद लावायचे तशाच. तारखेप्रमाणे. म्हणून तर हे हाताने लिहून कुरिअर करतेय, मेल केली असती तर तीही फाइलला लागली असती.

वैताग आलाय मला तुमच्या दोघांचा. एक बोलवत नाही, दुसरा बोलावल्याशिवाय हलत नाही, आणि मध्ये मी धायरीत निरोप्या.

मीपण बघ, पानभर गोमीच मोजत बसले. याच घरातली ना. मंगळवारी बाबांची बायपास आहे. ‘त्याला कळवू नकोस, त्याचं रिलीज असेल,’ असं त्यांनी मला दोनदा बजावलंय. खालचा शब्द तीनदा लिहून खोडला, पण आता राहू देते.

ये.

तुझीच,
उत्कर्षा