सुनेस सीमेच्या फाटकातून जाऊ देण्याबाबत

प्रति,
मा. तालुका अधिकारी,
सीमाभाग, सुरीन प्रांत.

विषय: माझी सून रुमदुओल हिला तिच्या आईच्या मृत्यूनंतर शंभराव्या दिवशी होणाऱ्या विधीसाठी बंद फाटकातून कंबोडियात जाऊ देण्याबाबत.
संदर्भ: आपल्या कार्यालयात दोनदा केलेली व दोन्ही वेळा नाकारली गेलेली तोंडी विनंती.

महोदय,

मी चुएन साईथोंग, राहणार बान तापोक, भातशेती करतो. माझा मुलगा वीरायुत थाई सैन्यात असून तोफांना गोळे पोचवणाऱ्या ट्रकवर चालक आहे. सून सीमेपलीकडची. फाटक उघडे होते तेव्हा आमच्या विहीणबाई, म्हणजे सुनेची आई पेच, बाजाराच्या दिवशी सुके मासे घेऊन येत आणि आमच्याकडेच जेवत.

जुलैमध्ये लढाई सुरू झाली तेव्हा आम्ही घरामागच्या निवाऱ्यात होतो. सिमेंटच्या मोठ्या पाइपावर वाळूची पोती रचून तो केलेला आहे. पहिले गोळे आमच्या गावात पडले, शेजाऱ्याच्या म्हशी मेल्या. मग आपल्या तोफा सुरू झाल्या. प्रत्येक आवाजाला मी "हाण! आणखी हाण!" असे ओरडत होतो. आमच्या सीमाभागात घरोघरी कंबोडियाची ख्मेर भाषाच बोलतात, त्यामुळे ओरडलो तेही सुनेच्याच भाषेत. ती माझ्या नातीचे कान झाकून शेजारी बसली होती. "बाबा, आई तिकडंच आहे हो," एवढेच म्हणाली. मी ते ऐकले, आणि ओरडत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिच्या मावशीचा फोन आला. गोळा पडून विहीणबाई चुलीपाशीच गेल्या होत्या.

गोळा कोणत्या तोफेचा, हे कोणी सांगू शकत नाही. वीरायुत रजेवर येतो तेव्हा घरात न बसता अंगणात जेवतो. सून त्याला गरम ताट नेऊन देते. तिने आम्हां दोघांना एका शब्दाने बोल लावलेला नाही. निदान भांडावे तरी, म्हणून मी एकदा मुद्दाम कालवणाला नावे ठेवली. तिने मुकाट्याने मीठ आणून दिले.

आपल्या लिपिकांनी आईच्या मृत्यूचा दाखला मागितला. तो फाटकाच्या पलीकडे मिळतो, असे मी सांगितले. "मग फाटक उघडलं की आणा, काका," असे उत्तर मिळाले. त्यांनी असेही विचारले की सून परत आली नाही तर जबाबदार कोण. मी जबाबदार आहे, तसे लिहून घ्यावे.

तरी तिला व नातीला पास मिळावा ही विनंती. याबाबत मी वीरायुतला विचारले. तो म्हणाला, "पासवर परतीची तारीख घालू नका म्हणावं." म्हणून कृपया ती घालू नये. यायचे असेल तर ती येईल. माझी पत्नी लामाय हिला इथवरचा मजकूर वाचून दाखवला. ती उठून नातीचे कपडे पिशवीत भरू लागली, थंडीचेसुद्धा.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,
चुएन साईथोंग
(सही)
बान तापोक, १४ ऑक्टोबर, बुद्ध संवत २५६८

सोबत: विवाहाच्या दाखल्याची प्रत, विधीबाबत आमच्या विहारातील भिक्खूंचे पत्र, नातीचा जन्मदाखला.